ठेवणींतली मोटार

नडीच्या वेळीं माणसाची परीक्षा होते असें आपण नेहमीं म्हणतों, आणि तें खोटें नाहीं. परंतु सर्व नडी भागल्या, घराचें कर्ज फिटलें, मुलांच्या शिक्षणाची तरतूद झाली, गांवाकडे पाठवावयाचे पैसे वेळच्या वेळीं गेले, आणि इतकें होऊनहि हातीं बरीचशी रक्कम उरली, तर मनुष्य तिचें काय करतो, ही परीक्षा पहिलीहून सोपी आहे असें कोणीं समजूं नये. नडींत मार्ग एकदोनच असतात, आणि निर्णय चुकला तर दोष परिस्थितीच्या माथीं मारतां येतो. सुबत्तेंत ती सोय नाहीं. भर्तृहरीनें धनाला दान, भोग आणि नाश अशा तीन वाटा सांगून ठेवल्या. पण भोगाच्या वाटेनें कोठपर्यंत जावें, याचे मैलाचे दगड त्यानें रोवले नाहींत. ते ज्याचे त्यानें रोवावयाचे असतात.

या प्रश्नाचें एक मूर्त उदाहरण अलीकडे आमच्यापुढें आलें. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ गेलीं पंचवीस-सव्वीस वर्षें अमेरिकेंत कॅलिफोर्नियांत राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, धंद्यानें इंजिनियर, वय पन्नाशीच्या पुढें. रोजच्या कामाची मोटार त्यांच्याजवळ आहेच. तिच्याखेरीज केवळ शनिवार-रविवारच्या फेरफटक्यासाठीं एक लहानशी, दोन आसनांची, उघड्या टपाची जपानी मोटार त्यांनीं दहा वर्षें बाळगली आहे. ती माझदा कंपनीची एमएक्स-५. अमेरिकेंत तिला मियाटा म्हणतात. आतां ती काढून तिच्या जागीं जर्मन पोर्शे ९११ घ्यावी कीं काय, हा त्यांचा प्रश्न. पहिली आज नवी घेतली तर तीस हजार डॉलरांच्या आसपास पडते. दुसरी सव्वा लाखाच्या घरांत जाते. ऐपत आहे, कर्ज काढावें लागणार नाहीं. तरीहि सहा महिने निर्णय होत नाहीं, म्हणून त्यांनीं आमचें मत लिहून विचारलें.

वाचकांपैकीं पुष्कळांना हा प्रश्न मुळीं प्रश्नच वाटणार नाहीं. एवढ्या रकमेंत आपल्याकडील एखाद्या कुटुंबाचें जन्माचें घर होतें. तिची जेथें रविवारची करमणूक होते तेथें नीतीची चर्चा कशाला, असें ते म्हणतील. तथापि रकमेवरचीं शून्यें कमी केलीं तर हाच प्रश्न आपल्याहि घरांत पाट मांडून बसलेला आढळेल. चांगला चालणारा कॅमेरा असतां अधिक भारी घ्यावा काय, सुरांत बोलणारा तंबोरा असतां मिरजेहून दुसरा आणवावा काय, अशा ठिकाणीं पोटाचा संबंध नसतो, निव्वळ आवडीचा असतो. आणि आवडीच्या बाबतींत ‘पुरे’ हा शब्द कोठें उच्चारावयाचा, हें ठरविणें गरिबाला आणि श्रीमंताला सारखेंच कठीण जातें.

या दोन गाड्यांविषयीं थोडें सांगितल्यावांचून पुढचें विवेचन अधांतरीं राहील. मियाटा प्रथम १९८९ सालीं शिकागोच्या मोटार-प्रदर्शनांत लोकांपुढें आली. इंग्लंडांत पूर्वीं हलक्या, उघड्या, दोघांपुरत्या गाड्या होत असत. त्या सुंदर असत, बेताच्या किंमतीच्या असत आणि वारंवार बिघडत असत. त्यांचा धंदा बसत चालला असतां बॉब हॉल नांवाच्या अमेरिकन मोटार-पत्रकारानें १९७९ सालीं माझदाच्या केनिची यामामोटो यांना सुचविलें कीं, तसलीच गाडी तुम्ही करा. दहा वर्षांनीं ती झाली, आणि २०१६ पर्यंत तशा दहा लाख गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. घोडा आणि स्वार यांचें एकच शरीर व्हावें, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग तिचे कर्ते आपलें ध्येय म्हणून सांगतात. ९११ ही १९६३ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनांतली. तिचें नांव ९०१ ठरलें होतें. पण मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर फ्रान्सांतील प्युजो कंपनीनें हक्क सांगितला, म्हणून शून्याचा एक झाला. तिचें इंजिन मागच्या चाकांच्याहि मागें असतें. तोल सांभाळण्याच्या दृष्टीनें ही जागा अडचणीची. पण साठ वर्षें तें तेथेंच ठेवून, त्या अडचणीलाच घांसून-पुसून गुणाचें रूप देण्याचा हट्ट तिच्या कर्त्यांनीं सोडला नाहीं. असा हट्ट आम्हांला आवडतो. वस्तु उत्तम आहे याविषयीं आमचा वाद नाहीं.

मात्र एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पहिल्या ९११ चें इंजिन दोन लिटरांचें, शक्ति १३० अश्वशक्ति, वजन अकराशें किलोंच्या आंत. आमच्या स्नेह्यांच्या मियाटाचें इंजिन दोन लिटरांचें, शक्ति १५५, वजन पुन्हां अकराशें किलोंच्या आंत. आजची अगदीं साधी ९११ चारशेंच्या जवळपास अश्वशक्तीची आणि वजनानें दीड टनाची आहे. म्हणजे ज्या गाडीच्या कीर्तीसाठीं ते एवढी रक्कम मोजणार, तिच्या मूळ प्रकृतीला अधिक जवळ असलेली गाडी दहा वर्षें त्यांच्याच दारांत उभी आहे! आणखी एक गंमत अशी कीं, अलीकडच्या सर्वांत साध्या ९११ ला हातानें बदलावयाचा गिअर मिळतच नाहीं. तो हवा असेल तर अधिक किंमतीचा प्रकार घ्यावा लागतो. श्रम वांचविण्यासाठीं पैसे मोजण्याचे दिवस गेले, श्रम परत मिळविण्यासाठीं ते मोजण्याचे आले.

ते ज्या रस्त्यावर फिरावयास जातात तो सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस डोंगराच्या माथ्यावरून जाणारा स्कायलाइन बुलेव्हार्ड. रेडवुडच्या उंच झाडांतून तो वळणें घेत जातो, आणि झाडी विरळ झाली कीं पश्चिमेस पॅसिफिकवरचें धुकें दिसतें. वूडसाइडच्या वर जेथें चौरस्ता आहे तेथें ॲलिसेस रेस्टॉरंट नांवाचें उपाहारगृह आहे. सुटीच्या दिवशीं तेथें मोटारींचा आणि मोटारसायकलींचा मेळाच भरतो. अशा दुपदरी रस्त्यावर कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें ताशीं ५५ मैल ही सर्वसाधारण कमाल मर्यादा. वळणांवर त्याच्या निम्म्यानें जावें लागतें. ९११ ची कमाल गति १८० मैलांच्या वर आहे. दुसऱ्या गिअरमध्येंच कायदा संपतो, पुढचे सगळे गिअर शोभेचे. जर्मनींत ऑटोबानच्या कांहीं भागांवर वेगाला कायद्याची मर्यादा नाहीं. तेथें या सामर्थ्याला अर्थ आहे. स्कायलाइनवर लहान गाडीचें इंजिन पिळून काढावें लागतें, गिअर वेळेवर बदलावा लागतो, वळण आधीं ओळखावें लागतें. चालवणाऱ्याचें सर्व लक्ष आणि गाडीचें सर्व बळ खर्चीं पडतें. मोठी गाडी तेच वळण जांभई देत घेते. सामर्थ्य वापरण्याचा आनंद आणि सामर्थ्य बाळगण्याचा आनंद हे दोन वेगळे आनंद आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षां लवकर शिळा होतो.

यावर असा आक्षेप येईल कीं, उत्तमाची ओढ ही देखील एक संस्कृति आहे. बेताच्या वस्तूवर समाधान मानणें म्हणजे नेहमींच विवेक नव्हे, कित्येकदां तो केवळ आळस असतो. आक्षेप रास्त आहे. गाणें शिकणाऱ्यानें जन्मभर पहिल्याच तंबोऱ्यावर भागवावें असें कोण म्हणेल? पण त्यानें तो बदलण्याची वेळ केव्हां येते? कान पुढें गेला आणि तारा मागें राहिल्या तेव्हां. त्याआधीं नवा तंबोरा आणणारा बहुधा आपल्या गळ्याचा दोष जुन्या भोपळ्यावर ढकलीत असतो. आमच्या स्नेह्यांच्या घरापासून दोन तासांच्या आंत, मॉन्टेरेजवळ, लगुना सेका हा १९५७ पासूनचा शर्यतीचा मार्ग आहे. ठराविक दिवशीं फी भरून सामान्य मनुष्यालाहि तेथें स्वतःची गाडी मनमुराद चालवितां येते, शिकविणारा शेजारीं बसतो. दोन गाड्यांच्या किंमतींत नव्वद हजारांचें अंतर आहे. त्याच्या नुसत्या व्याजांत दरसाल असे कांहीं दिवस सहज निघतील. दहा वर्षांत ते तेथें एकदांहि गेलेले नाहींत. तेव्हां तारा मागें राहिल्या आहेत, हें अजून सिद्ध व्हावयाचें आहे.

पैशाच्या बाजूनें जीं प्रमाणें पुढें केलीं जातात त्यांतील एक आम्हांला फार लबाड वाटतें. तें असें कीं, ९११ ची किंमत इतर गाड्यांसारखी घसरत नाहीं, तेव्हां हा खर्च नव्हेच, ही एक ठेव आहे. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण किंमत टिकते ती कोणत्या गाडीची? जी थोडे मैल चालली, जिच्यावर ओरखडा नाहीं, जी झांकून ठेवली होती, तिची. म्हणजे ठेव म्हणून राखावयाची तर ती चालवावयाची नाहीं, आणि चालवावयाची तर ती ठेव राहत नाहीं. भोगाला गुंतवणुकीचा अंगरखा चढविला म्हणजे भोगहि धड होत नाहीं आणि गुंतवणूकहि.

दुसरें प्रमाण याच्या उलट दिशेचें, आणि तें लबाड नाहीं. १९७२ सालीं पीटर सिंगर या तत्त्वज्ञानें, पूर्व बंगालमधील निर्वासितांचे हाल डोळ्यांसमोर असतां, असें मांडलें कीं, तितक्याच मोलाच्या कशाचाहि त्याग न करतां जर आपल्याला एखादें घोर संकट टाळतां येत असेल, तर तें टाळणें हें आपलें कर्तव्यच आहे. आणि दूरच्या माणसाचें संकट केवळ दूर आहे म्हणून हलकें ठरत नाहीं. हा युक्तिवाद कोणीं समाधानकारक रीतीनें खोडून काढलेला आम्हीं पाहिला नाहीं. परंतु तो या नव्वद हजारांपाशीं थांबत नाहीं. तो जुन्या लहान गाडीलाहि उठवून लावतो, आणि ती गेल्यावर आमच्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. ज्यानें तो आपल्या कपाटाला लावला नाहीं त्यानें तो शेजाऱ्याच्या मोटारीला लावण्याची घाई करूं नये. आम्हीं एवढेंच विचारलें कीं, गांवच्या शाळेला आणि वाचनालयाला ते दरसाल जें पाठवितात तें नव्या गाडीनें कमी होईल काय. होणार नाहीं, असें त्यांनीं आंकड्यांसह कळविलें. एवढें उरत असेल तर पाठविणें वाढावें, हा आमचा आग्रह. पण तो गाडी घेतली तरी राहतो आणि न घेतली तरी राहतो. लोकांना दाखविण्यासाठीं खर्च करण्याच्या वृत्तीवर व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं एक मार्मिक ग्रंथ लिहिला, त्याचाहि या ठिकाणीं उपयोग करतां येईल. पण दाखविण्याची हौस आपल्यांत किती हें ज्याचें त्यालाहि नक्की कळत नाहीं, मग तें आम्ही दहा हजार मैलांवरून काय सांगावें?

याहून जवळचा ग्रंथकार दिदेरो. या फ्रेंच लेखकानें १७६९ सालीं आपल्या जुन्या झग्याच्या वियोगावर एक लहानसा निबंध लिहिला. त्याला किरमिजी रंगाचा एक भारी झगा मिळाला. तो अंगावर येतांच खोलींतलें बाकीचें सामान हलकें दिसूं लागलें. गवती खुर्ची गेली आणि कातड्याची आली, साधें मेज गेलें आणि किंमती आलें. एका वस्तूच्या मागून दुसरी कशी ओढली जाते याचा दृष्टान्त म्हणून ही गोष्ट नेहमीं सांगतात. आम्हांला मात्र त्या निबंधांतील एक दुसरीच बारीक गोष्ट अधिक मोलाची वाटते. जुना झगा होता तेव्हां पुस्तकावर धूळ दिसली कीं दिदेरो ती त्याच झग्याच्या टोकानें पुशी. टाकांतली शाई घट्ट झाली कीं टाकहि त्यालाच पुशी. त्या शाईच्या रेघांवरून हा झगा लिहिणाऱ्याचा आहे हें कोणालाहि कळे. नव्या झग्याला कांहींच पुसतां येईना. मालक तोच होता. पण आतां चाकरी झगा करीत नव्हता, मालक करीत होता.

आपल्या भाषेंत हा भेद दोन साध्या शब्दांत सांगतां येतो. घरांतल्या वस्तू दोन जातींच्या: वापरांतल्या आणि ठेवणींतल्या. वापरांतलें लुगडें आणि ठेवणींतला शालू, वापरांतलें पितळी ताट आणि ठेवणींतलें चांदीचें. ठेवणींतल्या वस्तूचा आम्ही उपहास करीत नाहीं. शालू वर्षांतून एकदां ट्रंकेंतून निघतो आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर तीन पिढ्यांचीं लग्नें बाहेर येतात. तो क्वचित् निघतो यांतच त्याचें मोल आहे. पण घडी घालून राहणें शालूला सोसतें, यंत्राला सोसत नाहीं. मोटार महिनोन् महिने उभी राहिली तर बॅटरी उतरते, टायर जमिनीला टेंकले तेथें चपटतात, टाकींतलें पेट्रोल शिळें होतें, रबरी भाग सुकून तडकतात. यंत्र चालण्यानें झिजतें, पण न चालण्यानें आजारी पडतें. मोटार ही स्वभावानेंच वापरांतली वस्तु आहे; तिला ठेवणींत टाकणें म्हणजे गवयाला मौन धरावयास लावून दिवाणखान्यांत बसवून ठेवणें. आणि किंमत वाढली कीं वापरांतली वस्तु आपोआप ठेवणीकडे सरकूं लागते. लहान गाडी आमचे स्नेही पावसांत काढतात, बाजारांत कोठेंहि उभी करतात. गेल्या वर्षीं खडा उडून तिच्या कांचेला तडा गेला, तो त्यांनीं हंसत हंसत सांगितला. सव्वा लाखाच्या गाडीचा तडा ते तसा सांगतील असें आम्हांला वाटत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. त्यांची मुलगी अठरा वर्षांची आहे. अमेरिकेंत बहुतेक गाड्या आपले गिअर आपणच बदलतात, त्यामुळें तेथील पुष्कळ तरुणांना ही विद्या ठाऊकच नसते. पण हिनें वडिलांना शेजारीं बसवून, चढावर पुनःपुन्हां इंजिन बंद पाडून, मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकून, ती या लहान गाडीवर संपादन केली. आतां शनिवारीं सकाळीं ती ‘बाबा, किल्ली?’ म्हणते, आणि बाबा ती तिच्याकडे फेंकतात. कधीं ती एकटी जाते, कधीं दोघें मिळून स्कायलाइनपर्यंत जातात आणि येतांना ती चालवते. एकदां फुटपाथच्या कडेला घासून चाकावर ओरखडा आला, तो अजून तसाच आहे. हें सगळें त्यांच्या पत्रांत सहज येऊन गेलें आहे. नफ्या-तोट्याची त्यांनीं जी लांबलचक यादी केली आहे तींत विमा आहे, टायरची किंमत आहे, गॅरेजची रुंदी आहे. ही किल्ली नाहीं. नव्या गाडीची किल्ली आपण अशी फेंकाल काय, असें आम्हीं विचारलें. बाकीच्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें आलीं, याचें अद्यापि आलेलें नाहीं.

ययातीची कथा अशा प्रसंगीं उतारवयांतल्या हौशीला नांवें ठेवण्यासाठीं सांगतात. उपभोगानें वासना शमत नाहीं, हा तिचा बोध. पण महाभारतांतील ती कथा नीट पाहिली तर ययातीला हौस होती हें तिच्यांत लाजिरवाणें नाहीं. त्या हौशीची किंमत पूरूनें दिली, हें लाजिरवाणें आहे. म्हणून हौस किती मोठी हें आम्ही विचारीत नाहीं, ती कोणाच्या पदरून भागते हें विचारतों. पैशापुरतें पाहिलें तर आमचे स्नेही ती स्वतःच्या पदरून भागवीत आहेत. पण शनिवारची किल्ली पैशांत मोजली जात नाहीं. ती जाणार ती मुलीच्या पदरची, आणि पूरूला निदान विचारलें तरी होतें. हिला अजून कोणीं विचारलेलें नाहीं.

दुसऱ्या बाजूच्या पारड्यांत जें वजन आहे तें लपवून ठेवणें मात्र बरें नव्हे. साताऱ्यास शाळेंत असतां एका परदेशी मासिकांतून कापलेलें ९११ चें चित्र त्यांनीं गणिताच्या वहीच्या पुठ्ठ्याला आंतून चिकटविलें होतें. चाळीस वर्षें टिकलेली इच्छा ही लहर नव्हे. ती जाहिरातीनें उत्पन्न केली असेल, तरी एवढा काळ ती पोसली त्या मुलानें स्वतः. आणि तिला ‘मोह’ म्हणून हुसकून देणें हें वैराग्य नसून कठोरपणा होईल. शिवाय अशी गाडी जमिनीलगत बसते; पासष्टीनंतर तिच्यांत शिरणें साधलें तरी निघणें साधेलच असें नाहीं. त्यांच्या सौभाग्यवतींचें मत तर अगदीं स्पष्ट आहे. “अहो, घ्यायची तर घेऊन टाका, नाहींतर आणखी वीस वर्षं मला हेंच ऐकावं लागेल,” असें त्या म्हणतात. या युक्तिवादाला तत्त्वज्ञानांत जागा नसली तरी संसारांत आहे.

आम्हीं त्यांना जें कळविलें तें असें. प्रथम आपली लहान गाडी घेऊन लगुना सेकावर दोन दिवस जावें, आणि कोण कोणाच्या मागें राहतें तें पाहावें. त्यानंतर ९११ दोन दिवस भाड्यानें आणावी. पण कोरड्या, उन्हाच्या सुटीला नव्हे, पावसांत आणावी, आणि तिच्यांतून भाजीहि आणावी. भाड्यानें देणारे अठरा वर्षांच्या मुलीला ती चालवूं देणार नाहींत, हें आम्ही जाणतों. पण दारांत ती उभी असतां मुलीनें हात पुढें केला तर किल्ली द्यावीशी वाटते कीं खिशांत टाकाविशी वाटते, एवढें त्यांचें त्यांना समजेल. द्यावीशी वाटली तर गाडी घ्यावी, आमची कांहींएक हरकत नाहीं. मग तिच्यावर ओरखडे पडोत आणि तिची किंमत उतरो. खिशांत टाकाविशी वाटली तर आहे ती बरी. तिकडे पाऊस बहुधा नोव्हेंबरांत सुरू होतो. तोंपर्यंत विक्रेत्याकडे अनामत भरावयाची नाहीं, एवढें त्यांनीं मान्य केलें आहे.